सात वेळा फिरवलेला टिलर

४ मार्च

सौ. वन्सं यांना,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसले की रागाने अक्षर बिघडायचं. घाबरू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. तुमचे दादा तर जरा जास्तच.

गिरणीतून निवृत्त होऊन तीन महिने झाले, पण ह्यांचा पाय एका जागी ठरत नाही. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस! बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. माझं चांगलं चालणारं शिवणयंत्र उघडून, बिघडवून पुन्हा नीट करून झालं. मग भंगारवाल्याकडून एक जुना टिलर आला. धरायला दोन दांडे, खाली गरगर फिरून माती उकरणारी पाती, आणि आवाज असा की शेजारीण खिडक्या लावून घेते.

परसातले चार वाफे माझे, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून भाजीची देठं नि सुकी पानं मुरवून मी ती माती केलीय. मूठभर माती दाबायची, गोळा बोट लावताच फुटला तरच खणायला घ्यायचं, ही माझी रीत. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. ओल्या मातीतच टिलर घातला, तर ही एवढाली ढेकळं निघाली. ती फोडायला पुन्हा फिरवला. मग रोज नाश्ता झाला की यंत्र सुरू. सात वेळा, वन्सं! वर मला म्हणतात, बघ कसं पीठ झालंय. त्या पिठात मी घेवड्याचं बी टोकलं, पाणी दिलं, आणि वर कडक खपली धरली. पंधरा दिवसांत एक कोंब नाही. उकरून पाहिलं तर बी कुजलेलं.

चार दिवस झाले, मी ह्यांच्याशी बोलत नाही. ह्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. पिशवी भरून ठेवलीय. तुमच्याकडे येऊ का? सध्या महिनाभर म्हणतेय, पुढचं पुढे.

मुलांना गोड पापा. पत्राची वाट बघतेय.

तुमची वहिनी


९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ये. खोली झाडून ठेवलीय. नणंदेकडे रुसून येणारी भावजय मी पहिल्यांदाच बघतेय. शेजारपाजारी माझा भाव वाढेल.

अति तिथे माती म्हणतात, दादाने मातीतच अति केलं. लहानपणी माझ्या पेन्सिलीला टोक करायला बसला की हातात फक्त शिसाचा चुरा यायचा. मी भोकाड पसरायचे आणि तो दुसरी पेन्सिल शोधायला पळायचा. त्याला पुरे कुठे म्हणायचं ते तेव्हाही कळत नव्हतं.

त्यालाही वेगळं पत्र टाकलंय, चांगलं फैलावर घेतलंय. पण मला त्याची काळजीही वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. निघण्याआधी दोन ओळी कळव. लहान म्हणून चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझी नणंद


१५ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कान उपटलेस, बरं केलंस. टिलर पाती काढून कोपऱ्यात ठेवलाय. मातीचं मला काही कळत नाही. गिरणीत जितकं बारीक तितकं चोख, तेच इथे लावलं.

खरं सांगू? बी उगवावं म्हणून मी फिरवतच नव्हतो. सकाळचे अकरा वाजले की ह्या घरात कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही. खुर्चीत बसलो की तिथेच झाडायचं असतं. स्वयंपाकघरात गेलो की नेमका डब्यांच्या आड येतो. ती काही वाईट बोलत नाही, जरा सरका म्हणते. सरकत सरकत मी परसात पोचलो. तिथे यंत्र चालू असलं की मी कामात आहे असं वाटायचं. तिचंच वाटोळं करत होतो, हे दिसलं नाही.

पिशवी दाराशी आहे. थांब म्हणायचं कुठल्या तोंडाने? आली तर तिला जप.

तुझा दादा


१६ मार्च

सौ. वन्सं,
स. न. वि. वि.

ह्याच पाकिटात माझंही पत्र बघून चकित व्हाल. ह्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, पण चिकटवलं नव्हतं. विसरले की मुद्दाम, देव जाणे. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, कळतं मला.

चाळीस वर्षं ते सकाळी सातला जात, संध्याकाळी सहाला येत. मधलं घर मी माझ्या सोयीने लावलं. त्यात ह्यांना कुठे ठेवायचं, हा विचारच केला नाही. माती बिघडवली म्हणून अजून राग आहे, तो जायला वर्ष लागेल; मातीलाही तितकंच लागेल.

आज अकरा वाजता मी भाजी निवडत होते. हे दारात आले आणि नेहमीसारखे परत फिरायला लागले. मी म्हटलं, बसा. सोळा दिवसांनी पहिला शब्द. तर त्यांनी विचारलं, कुठे?

स्वतःच्या घरात, वन्सं. कुठे बसू, असं विचारलं त्यांनी. मला रडू आवरेना, आणि त्यांना वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं.

खोली झाडलीत त्याबद्दल माफ करा, मी येत नाही. आम्हां दोघांवर माया असू द्या.

तुमची वहिनी