नट सुटेपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०
स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ ठिबकतो आहे. आज शास्त्रशुद्ध मोजणी केली. चार सेकंदांना एक थेंब. अर्धा कप भरायला एक तास बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मुलीने ऑफिसला जाता जाता विचारलं की बाबा, तुम्ही बरे आहात ना.

दुपारी १.३०
एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल. काल ही बहिणीशी फोनवर बोलत होती. मी दाराआड होतो, अगदी योगायोगाने. ही म्हणाली की रिटायर होऊन तीन महिने झाले, पण यांचं घरात असून नसल्यासारखं आहे. ऑफिसला जायचे तेव्हा निदान संध्याकाळी वाट तरी बघायचे मी.
लागलं मनाला. खोटं कशाला बोला.
निर्णय: नळ मी स्वतः बदलणार. प्लंबर नाही. एकतीस वर्षं स्टोअर्स सेक्शन सांभाळला. लाखो नट-बोल्ट माझ्या सहीने आत आले आणि माझ्या सहीने बाहेर गेले. एकही कधी अडकला नाही. घरात माझी गरज काय आहे ते हिला गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळेल.

४ फेब्रुवारी
नवीन नळ आणला. लांब मानेचा, चकचकीत. हार्डवेअरवाल्याने विचारलं की बसवणार कोण. मीच, म्हटलं. त्याने मान वळवून पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला की वरचं काही खोलण्याआधी सिंकखालचा नट फिरतो का तेवढं बघून घ्या, सगळा नळ त्या एका नटावर उभा असतो. मी त्याला शांतपणे सांगितलं की मी स्टोअर्समधला माणूस आहे. त्याने बिल फाडलं.
संध्याकाळी कामाचं ड्रॉइंग केलं. कोणतंही काम कागदावर नीट झालं की प्रत्यक्षात अर्धं झाल्यासारखंच असतं. ओटा, सिंक, नळ, नट, डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. सगळं वरून बघितल्यासारखं, प्रमाणात. नट सोडवायची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तसा लाल पेनने बाण काढला. नळासमोर उभं राहून, कागद ओट्यावर ठेवून पुन्हा तपासलं. पक्कं केलं: पाना भिंतीच्या बाजूने धरायचा आणि ओढायचा खिडकीच्या दिशेला. तीन प्रती काढल्या. एक सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.००
कामास प्रारंभ.

१०.४०
सिंकच्या लाईनचं पाणी बंद करून जुन्या नळाची मान आणि चावी काढली. भंगारवाला खालून ओरडत जात होता, त्याला लगेच देऊनही टाकली. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस नेटाने लढत नाही.

११.१५
कपाटातले डबे, फडकी, बादली बाहेर. आत उताणा शिरलो. नट दिसला. बाटलीच्या झाकणापेक्षा जरा मोठा, वर अंधारात, गंजून काळा पडलेला. ड्रॉइंगप्रमाणे पाना लावला, ड्रॉइंगप्रमाणे ओढला. ढिम्म.

संध्याकाळी ६.००
ही शाळेतून आली. हिची नोकरी अजून तीन वर्षं आहे. हिने विचारलं की नळाला मान नाही, मग भांडी कुठे घासायची. म्हटलं, बाथरूममध्ये, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ही बरं म्हणाली. हिचं हे बरं फार आश्वासक असतं.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी ६.२० वाजता नट हलला. सुताएवढाच, पण हलला. पान्याला जाणवलं. तिथूनच हाक मारून हिला सांगितलं. ही बाथरूममध्ये भांडी घासत होती. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.

७ फेब्रुवारी
नट कालपेक्षा जास्त घट्ट वाटतो. गंज असा रातोरात वाढत असेल तर धातूच्या दर्जाचीच चौकशी व्हायला हवी.
शिवणयंत्राचं तेल सोडलं. झोपून वर तेल सोडण्यात एक अडचण आहे. नटात थोडं गेलं, डोळ्यांत बरंच गेलं. उरलेला दिवस विश्रांती.
फ्रिजवर प्रगतिपत्रक लावलं. तारीख, केलेली कारवाई, शेरा. आजचा शेरा: काम प्रगतिपथावर.

८ फेब्रुवारी, रविवार
तापवलं की धातू प्रसरण पावतो. म्हणून मुलीला सांगितलं की वरून नळाच्या बुडाशी उकळतं पाणी हळूहळू ओत, मी खालून पाना लावून तयार राहतो. मुलगी म्हणाली की बाबा, पाणी खाली कुठे जाणार. मी म्हटलं, तू ओत.
पाणी नळाच्या बुडातून थेट खाली आलं. खाली मीच होतो. नियोजनात ही एक बाब राहून गेली. मानेला आणि छातीला मलम. मुलगी रडायच्या बेतात होती. तिला समजावलं की प्रयोग म्हटला की थोडं पोळायचंच. ती प्लंबरचा नंबर शोधायला लागली. फोन काढून घेतला. वडिलांनी एवढा अधिकार वापरायला हरकत नाही.

१० फेब्रुवारी
फ्रिजवरच्या पत्रकात शेऱ्याखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं आहे, कुठल्या पथावर. अक्षर मुलीचं आहे.

११ फेब्रुवारी. संध्याकाळ
ही भांडी घासून उठली तेव्हा एक हात कमरेवर आणि एक भिंतीवर होता. बाथरूममध्ये स्टुलावर बसून वाकून घासावं लागतं. मला बघवेना, म्हणून पेपर उघडला.
मुलगी म्हणाली की तुम्ही दिवसभर घरी असता, भांडी तुम्हीच का नाही घासत. तिला शांतपणे सांगितलं की एका वेळी एकच आघाडी सांभाळता येते. शिवाय मी भांडी घासत बसलो तर नट कोण काढणार. ती आईची कंबर चोळायला आत गेली.
निर्धार: उद्या कुठल्याही परिस्थितीत.

१२ फेब्रुवारी
पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला. दांडा लांब झाला की जोर वाढतो, हे आठवीच्या विज्ञानात आहे. दोन्ही पाय कपाटाच्या चौकटीला लावून सर्वशक्तीने ओढलं. करकर असा आवाज आला. खांद्याचा होता.
आज पत्रकात फक्त तारीख लिहिली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.३०
हा दिवस लिहू नये असं वाटतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
ड्रॉइंगची तिसरी प्रत घेऊन हार्डवेअरवाल्याकडे गेलो. आणखी मोठा पाना मागायचा होता. त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला, बाण बघितला. विचारलं की हे चित्र कुठून बघून काढलंय. म्हटलं, वरून. प्लॅन कधीही वरूनच काढतात. मग विचारलं की नट कुठून लावलेला असतो. म्हटलं, खालून. मग विचारलं की तुम्ही झोपता कुठे. म्हटलं, खाली.
त्याने मधेच आलेल्या एका गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दिल्या. मग भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला की साहेब, हे काचेचं असतं आणि पाठीमागून बघितलं असतं, तर काटे कुठल्या बाजूला फिरताना दिसले असते.
मी घड्याळ उलटं करून पाठीमागून बघितलं.
तो हळू आवाजात म्हणाला की तुम्ही गेले आठ दिवस तो नट आवळताय.

संध्याकाळ
शांतपणे विचार केला. चूक ड्रॉइंगमध्ये नाही. ड्रॉइंग वरून अचूक आहे. चूक फक्त माझ्या जागेची होती. हिला एवढंच सांगितलं की तांत्रिक फेरआढावा घेतला असून दिशा बदलण्याचं ठरलं आहे. ही वह्या तपासत होती. हं म्हणाली.

१४ फेब्रुवारी
उलट दिशेने प्रयत्न. आता जमायलाच हवं होतं, पण आठ दिवसांच्या आवळण्यात नटाच्या सहाही कडा झिजून गोल झाल्या आहेत. पाना धरतच नाही. गोटीला पाना लावल्यासारखं होतं. शिवाय ज्या नटाला मी स्वतः सर्वशक्तीनिशी घट्ट केलं आहे, तो मलाच सैल कसा होणार. माझी शक्ती तेवढीच आहे.
कपाटात पडल्या पडल्या जरा डोळे भरून आले. तेलाचा परिणाम अजून असावा.

१६ फेब्रुवारी
छिन्नी आणि हातोडी. तीन घाव नटावर, एक अंगठ्यावर. भिंतीच्या पलीकडून शेजारच्या कुणीतरी ठोकून उत्तर दिलं. काम स्थगित.

१८ फेब्रुवारी
हिने विचारणं बंद केलं आहे. आल्यावर आधी सिंककडे बघायची, तेही आता बघत नाही. सरळ बाथरूमकडे जाते. याचा अर्थ विश्वास बसला आहे. वरिष्ठांनी पाठपुरावा सोडला की आम्ही ऑफिसातही असंच समजायचो.
फ्रिजवरचं पत्रक कुणीतरी काढलं. तिथे हिच्या शाळेचं वेळापत्रक आहे.

२० फेब्रुवारी
आज खाली शिरलोच नाही. नुसता समोर स्टुलावर बसलो. खरं सांगायचं तर तो नट आता निघणार नाही, हे मला कळलं आहे. हिला सांगायचं कसं, एवढंच कळत नाही. एकदा सांगितलं की प्लंबर येणार. तो पाच मिनिटांत कापून काढणार. मग या घरात मी नक्की कशासाठी आहे, हा विषय निघणार.
उद्या सांगतो.

२१ फेब्रुवारी
नाही सांगितलं. हिचं डोकं दुखत होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.३०
बेल वाजली. दारात प्लंबर. खांद्याला पिशवी, हातात पाईप. हिनेच बोलावला होता. मला विचारलंही नाही.
मी तयार होतो. कमीपणा न घेता बाजू कशी मांडायची ते मनात कितीदा घोकलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि त्याला म्हणालो की हे बघा, प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही.
तो जरा सरकता का म्हणाला आणि माझ्या बाजूने मागच्या बाल्कनीत गेला.

१०.१५
चाळीस मिनिटांत काम संपलं. बाथरूमच्या भिंतीतून लाईन काढून बाल्कनीत नवा नळ, खाली उभ्याने भांडी घासता येतील एवढ्या उंचीचं बेसिन. हिने जागा, उंची, सगळं आधीच बघून ठेवलं होतं. मुलीने बाजूला फळी लावून घेतली. भांडी निथळायला.
निघताना मी प्लंबरला म्हटलं की आलाच आहात तर सिंकखाली एक नजर टाका. तो चपला घालत म्हणाला की नको साहेब, वहिनींनी बजावून सांगितलंय, सिंकला हात लावायचा नाही, ते साहेबांचं आहे.
आधी बरं वाटलं. कुणाला हात लावू दिला नाही हिने. जिन्यावरची त्याची पावलं वाजायची थांबेपर्यंत बरं वाटत होतं. मग हळूहळू वाटेनासं झालं.

१०.५०
ही बाल्कनीत भांडी घासते आहे. उभ्याने. कमरेवर हात नाही. बारीक आवाजात काहीतरी गुणगुणते आहे. हे मी कधी ऐकलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला.
जाऊन विचारलं की मग मी ते नटाचं चालू ठेवू ना. ही रागावली असती तर बरं झालं असतं. ही म्हणाली की ठेवा की, आता कुठे घाई आहे.

दुपारी १.४५
सिंकखाली जाऊन पडलो होतो. पाना नेला नव्हता. जेवायची हाक येईल तेव्हा उठू म्हटलं. दीड वाजता आपणच उठलो. दोघी जेवून आत पडल्या होत्या. माझं ताट झाकून ठेवलं होतं.