स्वयंपाकघरात उतरणारा जिना

४ नोव्हेंबर

जीभ हासडून फेकून द्यावीशी वाटतेय. स्वतःची.

आज आमदारांच्या समितीपुढे गेलो होतो. नव्या कायद्यात एक कलम येतंय – दुमजली घरापर्यंत नकाशावर कुणीही सही करावी, आर्किटेक्टच पाहिजे असं नाही. ते गाळा, एवढंच सांगायचं होतं. बोलणार आमचे सर आणि ती, ऑफिसातले दोघे पदवीवाले आर्किटेक्ट. मी नुसता हमाल. घराचं मॉडेल उचलून न्यायचं, टेबलावर ठेवायचं, तोंड मिटून उभं राहायचं.

ती काय बोलली! आवाज जरासुद्धा कापला नाही. तिला स्वतःचं ऑफिस काढायचंय, छोट्या घरांच्या कामांवर. कलम आलं की ती कामं ठेकेदार गिळणार. अध्यक्षांचं लक्ष मात्र मॉडेलवर.

"घर झकास आहे हो. कुणी काढलं?"

सर खोकले. ती माझ्याकडे बघत होती. वाटलं, कळू दे एकदा हिला आपण काय चीज आहोत.

"मी. सगळं मीच."

"कुठल्या कॉलेजचे?"

"तिसऱ्या वर्षात सोडलं."

अध्यक्ष इतके हसले की बशीत चहा सांडला. "मग झालं की! पदवीवाचून घर उभं राहतं, याचा पुरावा तुम्हीच घेऊन आलात."

परतताना गाडीत मॉडेल माझ्या मांडीवर. ती खिडकीबाहेर बघत होती.

५ नोव्हेंबर

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "या वाघोबा. डरकाळी फोडून झाली, आता प्रिंट काढा."

६ नोव्हेंबर

ती आज बोलली. "स्टेपलर दे." दिला.

९ नोव्हेंबर

जेवण जात नाही म्हणून आईनं फैलावर घेतलं. "मास्तरांशी भांडून कॉलेज सोडलंस, तेव्हा म्हणालास, पदवीच्या कागदाला कोण विचारतंय? मग आता का झुरतोस? तुझंच खरं झालं ना?"

तेच तर. माझं खरं झालं आणि तेच गिळवत नाहीये.

११ नोव्हेंबर

कपाट आवरताना त्या मॉडेलच्याच घराचा माझा पहिला नकाशा सापडला. त्यावर तिची लाल पेन्सिल. मी जिना थेट स्वयंपाकघरात उतरवला होता – पॅसेजची जागा वाचते. माझी लाडकी युक्ती. केवढा खूश होतो तेव्हा!

"आणि स्वयंपाकघरात आग लागली तर?" तिनं विचारलं होतं. "वरची माणसं कुठून उतरणार? तू वाचवलेल्या पॅसेजमधून?"

मी तणतणत बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा तिनं जिना पुढच्या दाराशी आणून ठेवला होता.

म्हणजे 'सगळं मीच' हे धडधडीत खोटं. आणि त्या खोट्यावर कायदा होणार.

१३ नोव्हेंबर

एकटाच गेलो अध्यक्षांकडे. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

"या, पदवीवाचूनचे! आज काय नवीन?"

नकाशा पसरला. जिना दाखवला, लाल रेघा दाखवल्या. सांगितलं, "मी काढलं, साहेब. राहण्याजोगं तिनं केलं. हे तिला शिकवलंय. मला शिकवायच्या आतच मी भांडून निघालो." मान खाली घालून एवढं कधी बोललो नव्हतो. पण हलकं वाटलं. वाटलं, आता तिच्यासमोर उभं राहता येईल.

अध्यक्षांनी नकाशा जवळ ओढला. म्हणाले, "या मॅडम तुमच्याकडे कधी आल्या?"

"गेल्या वर्षी."

"त्याआधी तुमच्या नकाशांवर लाल पेन्सिल कोण फिरवायचं?"

"सर सही करायचे."

"सहीचं नाही विचारलं मी."

त्याआधीच्या दोन घरांत तोच जिना आहे. बांधून झालीत, माणसं राहतायत. तिनं चूक दाखवली तेव्हा ती घरं आठवली नव्हती का? आठवली होती. पण तिचा राग आला होता ना मला! त्या रागात बाकी सगळं दडपून टाकलं.

१४ नोव्हेंबर

सगळं सांगितलं दोघांना. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी बघायला हवं होतं. तुझा हात चांगला म्हणून बघितलंच नाही." त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "आर्किटेक्टची सही असून असं झालं, हे बाहेर गेलं तर कलम..."

"कलमाचं राहू दे. त्या दोन घरांचे पत्ते काढ."

१६ नोव्हेंबर

अध्यक्षांचा फोन आला. कलम गाळलं. सरांनी आम्हाला सांगितलं आणि दिवा लावून जुने नकाशे उलगडायला बसले. कुणीच कुणाचं अभिनंदन केलं नाही.

१७ नोव्हेंबर

पहिलं घर. ती सोबत होती. दार उघडणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "जिना बघायचाय? बघा की. येणारा-जाणारा कौतुक करतो, किती जागा वाचवली म्हणून. फक्त हळू बोला हं. वर सासूबाई झोपल्यात. दोन वर्षं झाली, अंथरुणावरच असतात."

शेगडी पेटलेली होती. मी म्हणालो, "ताई, आधी ती बंद करा. हा जिना मी काढलाय."