लाखनीवालीच्या नावानं

शुक्रवार, पुणे

आज ऑफिसात चहा देताना बोललोच. सातवी नापासानं बोलावं काय? पण प्रसादसरांचा जावा भाषेतला कॉम्प्युटर प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवरची वस्तू, म्हणजे सर ज्याले ऑब्जेक्ट म्हणतात ते, शोधून राहिला होता, अन् सकाळपासून एकच उत्तर, नाव सापडत नाही. संध्याकाळी साहेबांना दाखवायचं होतं.

म्हटलं, “सर, आमच्या गावाले, सिहोऱ्याच्या दुकानात फोन करून मायचं खरं नाव सांगितलं तर कोणी ओळखत नाही. माहेरावरून लाखनीवाली म्हटलं तरच बोलावतात. तुमची वस्तू तिकडे कोणत्या नावानं नोंदली आहे?”

सरांनी पाहिलं, तर तिकडे नाव वेगळंच. ते टाकलं अन् चाललं. सर म्हणाले, वस्तू तिकडेच राहते, इथून फक्त हाक मारता येते. माय बी तिकडेच.

सरांनीच गावच्या दुकानात फोन लावून दिला. मायले सांगितलं, तुया नावानं काम झालं.

“माया कायले? माया बापाच्या गावाच्या नावानं झालं म्हण.”