लुकलुकणारी भिंत

सोमवार, ३
नोकरी लागली! तीन खोल्यांचं ऑफिस, खिडकीजवळचं टेबल आणि काम काय, तर जुने कॉम्प्युटर गेम नव्या मशीनवर नीट दिसतील असे करायचे. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. पहिला गेम हातात देताना ते म्हणाले, हा तुझ्याहून वयाने मोठा आहे, मान देऊन वाग. गेममध्ये एक रिकामं घर आहे, त्यातून नुसतं हिंडायचं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ताईला टेबल दाखवलं. तीही दुसरीकडे हेच काम करते. म्हणाली, चुका शोधायचे पैसे मिळणार, तुझी तर चंगळ! शाळेत घालण्याआधी आम्हा दोघींना आईने घरीच शिकवलं. तिचा नियम एकच: चूक दिसली की सुधारल्याशिवाय पान उलटायचं नाही.

मंगळवार, ४
सतरा चुका सापडल्या. सावल्या उलट्या पडतात, जिन्याच्या कडा फाटतात. सोळा सुधारल्या. उरली ती बोळाच्या टोकाची भिंत. ती सारखी लुकलुकते. कारण साधं आहे. एकाच जागी दोन भिंती बसवल्यात आणि पुढे कुठली दाखवायची ते मशीनला ठरवता येत नाही.

माझ्याआधी इथे बसणाऱ्या मुलीने नोंदवहीत लिहिलंय, ‘भिंत लुकलुकते. तशीच राहू द्या.’ आळशीपणाची कमाल! ती दिसायला कशी होती विचारलं, तर भाऊ डोकं खाजवत म्हणाले, चेहराच आठवत नाही बघ.

बुधवार, ५
एक भिंत काढली, तर दुसरीही आपोआप गेली. मागे खोली निघाली. खुर्चीवर एक बाई बसलेली. चेहऱ्याच्या जागी गुलाबी-काळे चौकोन. चित्राची फाइल सापडली नाही की गेम असे चौकोन दाखवतो. दिवसभर शोधली, मिळाली नाही.

भिंत परत बसवावी असं क्षणभर वाटलं. पण चूक दिसली होती ना. बाईसमोर बसून राहिले.

गुरुवार, ६
बाईच्या डाव्या भुवईवर एक खूण उमटलीय. झोपाळ्यावरून पडले होते तेव्हाची माझी आहे, अगदी तशीच. योगायोग असेल.

संध्याकाळी ताईने विचारलं, भुवईवरची खूण कुठे गेली, मेकअप करायला लागलात की काय बाईसाहेब?
आरशात पाहिलं. भुवई कोरी.

शुक्रवार, ७
तिला माझं नाक आहे. माझे डोळेही, अर्धे.
ताई म्हणाली, तुझ्या तोंडावर गुलाबी चौकोन दिसतायत, कॅमेरा पूस. पुसला. मग आरसाही पुसला. पुन्हा पुसला. पुन्हा—

शनिवार, ८, सकाळ
ऑफिसला सुट्टी. किल्ली माझ्याकडे होती, आले.
खोलीत आज दोन खुर्च्या. दुसरीवर कुणीतरी पाठमोरं. जाड वेणी, टोकाला निळं रबर. ताईची वेणी.

ताईचा निरोप: फोन का उचलत नाहीस, मी निघालेय, थेट ऑफिसात येते.
तिला नको म्हणून सांगायला फोन लावला. तोंड उघडेना. ओठ— त्या बाईकडे आहेत. हसतेय ती.

भिंत परत बसवली तर माझा चेहरा कायमचा पलीकडे राहणार. पण ताईचा वाचेल.
बसवते.

बसली. दोन्ही भिंती, एकाच जागी. लुकलुकतेय. इतकं बरं वाटलं—

दुपार
ताई आली. मी स्कार्फ गुंडाळलाय. ती रागावली, रडली, जवळ घेतलं. मग स्क्रीनकडे लक्ष गेलं तिचं.
म्हणतेय, अगं वेडे, दोन भिंती बसल्यात एकाच जागी, एवढंही दिसलं नाही? आईने हेच शिकवलं का?

माऊस घेतला तिने. मी तिचा हात धरला, तिने झटकला. म्हणतेय, थांब, एका मिनिटात काढते.
ओरडता येत नाही. वही पुढे धरलीय, लिहितेय. ताई, इकडे बघ. वाच. भिंत लुकलुकते. तशीच राहू