बारा माणसं, तेरा चिठ्ठ्या

१० मे २००६, बुधवार

नवी वही. आजपासून रोज खरं लिहायचं. कुणी वाचणार नाही, तरीही खरं.

पहिलं खरं: मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

जानेवारीत इथे आयर्लंडमध्ये, चेरीवूडच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले. पहिल्याच सकाळी आमच्या टीम लीडनं, फाब्रित्सिओनं विचारलं, इटालियन फुटबॉल बघतेस का. तो रोमचा, स्क्रीनवर रोमा क्लबचा लांडगा. म्हटलं, रोमा आवडतं. दुपारी कँटीनमध्ये ओर्नेलानं तेच विचारलं. ती तुरीनची, म्हणजे युव्हेंटस. तिला म्हटलं, युव्हेंटस. दोघांचेही चेहरे खुलले. चार महिने निभावतेय.

चौथीपर्यंत चित्राआत्यानं मला घरीच शिकवलं. तिचे नियम दोन. खोटं बोलायचं नाही. कुणाला दुखवायचं नाही. दोन्ही एकदम कसे पाळायचे, तो धडा यायच्या आधीच मला पाचवीत शाळेत घातलं.

सोमवारी वर्ल्ड कपचा इटालियन संघ जाहीर होणार. टोट्टी (रोमा) की देल पिएरो (युव्हेंटस), यावरून जेवणाच्या टेबलावर रोज भांडण. टोट्टीचा पाय फेब्रुवारीत मोडलाय. ओर्नेला म्हणते, मैदानात त्याच्यासाठी खुर्ची ठेवायची का? फाब्रित्सिओ म्हणतो, ठेवा, खुर्चीत बसून तो तुमच्या पोरापेक्षा बरा खेळेल.

माझं मत विचारलं की मी चमचा धुवायला उठते.

१२ मे, शुक्रवार

आज मतदान झालं. प्रश्न एकच: दोघांपैकी एकालाच घ्यायचं तर कुणाला? बारा माणसं, गुप्त चिठ्ठ्या, बिस्किटांचा रिकामा डबा. मोजणी माझ्याकडे. फाब्रित्सिओ म्हणाला, ऑफिसात मुक्ताइतकं प्रामाणिक कुणी नाही. ओर्नेलानंही मान डोलावली. दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

मी दोन चिठ्ठ्या टाकल्या. दोघांना एकेक.

नीट विचार करून टाकल्या. एक इकडे, एक तिकडे, निकालावर परिणाम शून्य. हे गणित आहे, लबाडी नाही.

मोजल्या तर तेरा. एक चिठ्ठी परत डब्यात सरकवता आली असती, पण मोजणीत फेरफार माझ्याच्यानं होणार नाही. मोठ्यानं सांगितलं: टोट्टी सात, देल पिएरो सहा, एकूण तेरा.

सगळे हरीशदादाकडे, टीममधल्या दुसऱ्या मराठी माणसाकडे, बघायला लागले. कारण मतदानाआधी त्यानंच सांगितलं होतं की आमच्याकडे निवडणुकीत मेलेली माणसंसुद्धा रांग लावून मत देऊन जातात. तेव्हा सगळे हसले होते.

तो म्हणाला, मी नाही. मग आणखी एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला नको होतं.

१५ मे, सोमवार

संघ जाहीर. टोट्टी आणि देल पिएरो दोघंही आत. म्हणजे माझी दोन्ही मतं बरोबर.

पण ओर्नेलाचं डोकं थंड नाही. तिचं म्हणणं, जास्तीची चिठ्ठी टोट्टीचीच, आणि हरीशनं लीडला खूश करायला टाकली. दोघंही ल्यूकनला राहतात, ती त्याला तिथून रोज गाडीतून आणायची. आजपासून बंद. सकाळी त्याला फोनवर म्हणाली, गाडीत मला माणसावर विश्वास लागतो.

हरीशदादा दोन बस बदलून आला. नागपूरचा आहे, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानंच.

उद्या सकाळी दहाच्या मीटिंगनंतर सांगणार. वाक्य पाठ केलंय.

१६ मे, मंगळवार

मीटिंग अकराला संपली. दहाचं वाक्य अकराला विचित्र वाटलं असतं.

२३ मे, मंगळवार

हरीशदादा सहाच्या आत घर सोडतो. संध्याकाळी पोचतो तेव्हा त्याची मुलगी सानिया झोपलेली असते, तीन वर्षांची आहे. वीणावहिनींनी फोनवर सांगितलं. माझ्यासाठी थालीपीठं पाठवली होती, त्याच्याच हाती, दोन बसमधून.

थालीपीठं पाच. तीन खाल्ली. दोन शर्वाणीला दिली, म्हणजे पूर्ण फायदा घेतला असं होऊ नये.

शर्वाणी, म्हणजे डून लेरीतली माझी रूममेट, हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, उद्या जाऊन सांग, दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टर लोकांना दुसऱ्याचं ऑपरेशन नेहमी छोटंच वाटतं.

२९ मे, सोमवार

कँटीनमध्ये आता हरीशदादा खिडकीपाशी एकटा जेवतो. त्याला 'टू व्होट्स' म्हणतात. आयरिश मुलं प्रेमानं म्हणतात, इटालियन दोघं तसं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. एवढं तरी मी करते. म्हणाला, माझ्यासोबत बसू नकोस, तुझंही नाव खराब होईल.

डबा आवरून जागेवर आले. कबुलीची ईमेल लिहायला घेतली. 'Dear all' की 'Hi all', यावर अडले.

५ जून, बँक हॉलिडे

निर्णय झाला. देव पाण्यात ठेवले.

नवस असा: इटलीनं वर्ल्ड कप जिंकला तर सगळ्यांसमोर कबूल करीन. आता हे माझ्या हातात नाही, वरच्या पातळीवर गेलंय. खूप हलकं वाटतंय. (फाब्रित्सिओ स्वतःच म्हणालाय की यंदा इटली जिंकणं कठीण. पण मी त्यासाठी ही अट घातलेली नाही.)

शर्वाणीनं चहाचे मग काढायला प्रेस (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) उघडला, तर आत कॉर्नफ्लेक्सच्या वाडग्यात गणपती. कारण विचारलं. ऐकून म्हणाली, लोक नवस फेडायला घाबरत नाहीत, बोलायला घाबरतात. तुझं उलटं आहे. आणि वाडगा धुवून दे.

१२ जून, सोमवार

इटली २, घाना ०. एकच मॅच आहे.

१७ जून, शनिवार

इटली १, अमेरिका १. छान. सगळ्यांसोबत हळहळले.

देवाकडे नक्की काय मागितलंय, जिंकणं की हरणं, ते मी स्पष्ट केलेलं नाही. त्यानं माझ्या मनातलं ओळखलं असेल तर फार वाईट.

२२ जून, गुरुवार

दुपारची मॅच, ऑफिसातच. इटली २, चेक ०. ओर्नेलानं मिठी मारली. म्हणाली, तुझ्यासारखी युव्हेंटसची पोरगी सोबत असली की धीर येतो. फाब्रित्सिओ शेजारीच होता. तो माझ्याकडे बघून हळूच हसला, बिचारीला कशाला दुखवायचं, असं. रोमावाले आपण दोघं, असं.

हरीशदादा पाच मिनिटं मागे उभा राहून गेला. बस होती.

२६ जून, सोमवार

फार वाईट दिवस.

इटली-ऑस्ट्रेलिया. इटलीचा एक माणूस बाहेर काढलेला, दहाच जण. गोल शून्य. देल पिएरोला काढून टोट्टीला आणलं, ओर्नेलानं टेबलावर हात आपटला. मी घड्याळ बघत होते. मनात ऑस्ट्रेलियाला बळ देत होते. त्यांचा एकही खेळाडू मला माहीत नाही, पण किती कष्टाळू वाटत होते.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. टोट्टीनं घातली. मोडक्या पायाच्या माणसानं. फाब्रित्सिओ रडला, ओर्नेलानं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मीही रडले. सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, बघा, किती प्रेम आहे हिचं.

३० जून, शुक्रवार

३-०. युक्रेननं जरा तरी प्रयत्न करायला हवा होता.

४ जुलै, मंगळवार

आता जर्मनी. जर्मनांच्या घरात. इथे संपेल, असं सगळेच म्हणत होते. मी शांतपणे ईमेल डिलीट केली.

एकशे एकोणिसाव्या मिनिटाला गोल. पुढच्याच श्वासाला दुसरा, देल पिएरोचा. ओर्नेला खुर्चीवर चढून नाचली. टोट्टीही पूर्ण वेळ खेळला. म्हणजे दोघंही लागतात, दोघंही हवेत, हे मी बारा मेलाच सांगितलं होतं. चिठ्ठ्यांनी.

नवसातून पळवाट शोधायची नाही. फक्त शर्वाणीला विचारलं, नवस मराठीत बोलला आणि देश इटली असेल तर लागू होतो का. तिनं दिवा मालवला.

९ जुलै, रविवार

डून लेरीच्या पबमध्ये फायनल. फाब्रित्सिओ आणि ओर्नेला दोघंही सारख्याच निळ्या शर्टात, गळ्यात गळे. पेनल्ट्या. मी बाथरूममध्ये होते. ओरडा ऐकून कळलं.

इटली जिंकली.

बाहेर समुद्रापाशी अर्धा तास बसले. मग, खरं लिहिते, बरं वाटलं. आता सुटकाच नाही. उद्या साडेनऊ, कँटीन, सगळ्यांसमोर. चार वाक्यं. पाठ आहेत. पहिलं: हरीशदादानं काहीही केलेलं नाही.

१० जुलै, सोमवार

साडेनऊला सगळे जमले. निळा-पांढरा केक होता. मी उभी राहिले. घसा साफ केला.

तेवढ्यात हरीशदादा पुढे आला. म्हणाला, आज सगळे आनंदात आहेत तर बोलून टाकतो. ती तेरावी चिठ्ठी माझी होती. चूक झाली, माफ करा.

मग ओर्नेला धावत गेली, त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. म्हणाली, मूर्खा, हे मे महिन्यातच सांगितलं असतं तर. फाब्रित्सिओनं त्याला केकचा पहिला तुकडा दिला. उद्यापासून पुन्हा गाडी, सव्वासात, ल्यूकनच्या चौकात.

मी उभीच होते. कुणीतरी विचारलं, तू काही म्हणत होतीस का. म्हटलं, अभिनंदन.

आता खरं बोलणं म्हणजे हरीशदादाला सगळ्यांसमोर खोटं पाडणं. ते मी कधीच करणार नाही. नवसापेक्षा माणूस मोठा.

तरी दुपारी जिन्यात त्याला गाठलं. त्याला एकट्याला तरी सांगावं म्हणून. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "दादा, तू केलं नव्हतंस ना? मग का म्हणालास?"

"आठ आठवडे दोन बस," तो म्हणाला. "काल सानिया मला बाबा म्हणायच्या ऐवजी काका म्हणाली. खोटं कबूल केलं आणि दहा मिनिटांत सुटलो बघ. ज्यानं खरंच टाकली, त्याला तेवढंही जमलं नाही."

मी म्हटलं, "असतात अशी माणसं."

"असू दे गं," तो म्हणाला. "कधी भेटलाच तर सांग त्याला, मी रागावलेलो नाही."

सांगते म्हटलं.