एकवीस दिवसांचे टेकू

२ जून

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खिशात फोन असताना आपण दोघं अजून कागद खरडतो, याची माझ्या ऑफिसात सगळे टिंगल करतात. पण साइटवरच्या काँक्रीट मिक्सरच्या आवाजाने बाबांचे कान गेले तेव्हापासून या घरात कामाचं कोणी तोंडी बोललेलं नाही. ती सवय आता सुटायची नाही.

तर पत्रास कारण असं. बांधकामाचा कायदा बदलला. या महिन्यापासून प्रत्येक साइटवर एक 'जबाबदार इसम' नेमायचा, त्याच्या नावाची पाटी फाटकावर लावायची, आणि काही घडलं तर आत तो जाणार, मालक नाही. मी दोन दिवस कंत्राटदारांच्या व्यवस्थापन वर्गाला जाऊन बसलो. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. निर्णय वर ठेवा आणि जबाबदारी खाली वाटा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मला लगेच तुझी आठवण आली.

दवाखान्याच्या नव्या इमारतीवर तुझं नाव घातलंय. सोबतच्या तीन कागदांवर सही कर, वाचत बसू नकोस. लहानपणी बाबांची पातळी बघायची पाणसळ मी फोडली आणि मार तू खाल्लास, आठवतं ना? तसंच समज. फक्त या खेपेला कोणी काही फोडणार नाहीये. तुझी वहिनी म्हणते, पाटीवर नाव झळकलं की तुला एखादं स्थळ सांगून येईल. पन्नाशीत! आम्ही दोघं पोट धरून हसलो.

प्रकृती सांभाळ. लोभ आहेच, त्याला सही लागत नाही.

तुझा दादा


११ जून

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

सह्या करून पाठवल्या आहेत. कागद वाचूनही काढले. मला कायदा आवडला. स्लॅब ओतल्यापासून एकवीस दिवस खालचे टेकू हलवायचे नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साइटवर एक वही ठेवायची आणि येणारा प्रत्येक लेखी हुकूम तिच्यात चिकटवायचा, असंही आहे. मी लाल पुठ्ठ्याची जाड वही आणली.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब काल ओतला. टेकू सुतारकाकांनी लावले. सत्तरी उलटली, तरी बाबांनी दिलेल्या लाकडी मोगरीने एकेक टेकू ठोकतात आणि कान लावून ऐकतात. आवाज बद्द आला की पाचर बदलतात. तुझी चौकशी करत होते. ज्याला हातोडी धरायला शिकवली तो थोरला इकडे फिरकत का नाही, म्हणाले. मी सांगितलं, तो व्यवस्थापनात आहे. त्यांना वाटलं, काही दुखणं असेल.

एकवीस दिवस म्हणजे पहिली जुलै. तोवर घाई करू नकोस, एवढंच मागणं. वहिनीला नमस्कार. धाकट्यावर माया असू दे.

तुझा
ठोकळा


१९ जून

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

कायदा तू मला शिकवायला लागलास, म्हणजे कमालच झाली. पुढच्या साइटला टेकू हवेत. नवे आणायला मी काही वेडा नाही. तेवीस तारखेला दवाखान्याचे सगळे काढ आणि ट्रकमध्ये भर. हा हुकूम समज. सिमेंट आपलं चांगलं आहे, तेरा दिवस खूप झाले. सुतारकाका कुरकुर करतील तर त्यांना सांग, तुमचे कानही आता लाकडाचेच झालेत.

आणि भीती वाटली तर फाटकावरची पाटी बघून ये. नाव तुझं आहे, तेव्हा घाबरायचं कामही तुझंच. मी मजेत आहे.

हो, आईचा फोटो नव्या हॉलमध्ये लावला. तुझा लावायला भिंत उरली नाही. राग मानू नकोस, आपल्यातला लोभ जुना आहे.

तुझा दादा


२६ जून

ती. दादास,
नमस्कार.

तुला कळलंच असेल. स्लॅब पडला. सुतारकाका गेले.

मी सगळं लिहितो, कारण मला दुसऱ्या कोणापाशी बोलता येत नाही. स्लॅब अजून कच्चा होता, हे मला त्या दिवशी सकाळी वर पाय ठेवताच कळलं होतं. तुला तसं कळवता आलं असतं. मी कळवलं नाही. तो पडावा असंच मला वाटत होतं. पाणसळीपासूनचा सगळा मार एकदम परत करायचा होता, आणि तो करायला तुझ्याच अक्षरातला हुकूम हातात होता. म्हणून माणसं बाहेर काढली, टेकूंना दोरखंड बांधले, बाहेरून ओढायची तयारी केली. नुसतं काँक्रीट पडेल आणि तू बुडशील, एवढाच माझा हिशेब.

माणसं मी दोनदा मोजली. काका नळावर हात धूत होते. ओढायची खूण म्हणून मी हात वर केला, आणि तोवर ते मोगरी आणायला आत गेले होते. बाहेर काढलं तेव्हा मोगरी त्यांच्या मुठीतच होती.

तपासणीचे साहेब परवा आले. वहीत तुझं १९ तारखेचं पत्र होतं. त्यांनी मला कलम वाचून दाखवलं. मालकाने लेखी हुकूम देऊन मुदत मोडली, तर जबाबदार इसम तोच. पाटीवर कोणाचंही नाव असो. तेव्हा ते तुझ्याकडे येतील. मला काकांसाठी रडू येतं. तुझ्यासाठी येत नाही, खूप प्रयत्न करून पाहिला. तुरुंगात काही लागलं तर लिहून कळव. वहिनीला सांग, आता हॉलमध्ये माझ्या फोटोपुरती जागा होईल.

लोभ होता, म्हणूनच इतकं लिहिलं.

तुझा
ठोकळा


३० जून

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

साहेब आले होते. भले गृहस्थ आहेत. माझं पत्र समोर ठेवून विचारलं, अक्षर तुमचं का. मी हो म्हटलं. बाबांनी घोटून घेतलेलं अक्षर, नाकारणार कसं?

मग मी त्यांना तुझं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि 'तो पडावा असंच मला वाटत होतं' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. बेपर्वाईचं कलम वेगळं आणि जाणूनबुजून करण्याचं वेगळं, हे त्यांनीच मला समजावलं. तुरुंगातली माझी वर्षं थोडी आहेत, तुझी पुष्कळ. ते उद्या सकाळी आधी तुझ्याकडे येतील. दाढी करून तयार राहा.

सुतारकाकू मोगरी मागायला आल्या होत्या. ती पुराव्यात जमा झाली आहे, एवढंच त्यांना सांगता आलं. दारातच बसून राहिल्या. तुझ्या वहिनीने त्यांना पाणी दिलं, पण त्या प्यायल्या नाहीत.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर तेही मी त्यांना दाखवीन. लोभ असू दे.

तुझा दादा