काकूंचा दुसरा टेक

९ फेब्रु.
बडा गणपतीजवळच्या दत्तमंदिरात शूटिंग. वसुधाकाकू, वय अठ्ठ्याहत्तर, कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभ्या. राम वनवासाला निघाले तिथे काकूंचा आवाज अडकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. आणि आमचा कॅमेरामन पंकज कानात म्हणतो, "भिया, फोकस गया." सगळं धूसर. असं डोकं फिरलं!
आरती झाली, लोक पांगले. मी काकूंना म्हटलं, तेवढं परत कराल का? कसं तोंडातून निघालं देव जाणे. वीस वर्षं शाम्पूच्या मार्केटिंगमध्ये काढली, तिथलीच सवय. मॉडेलने केस उडवले, छान, परत उडवा.
काकूंनी झांज हातात घेतली. मग परत गादीवर उभ्या राहिल्या. रडल्या. फोकस एकदम शार्प.

११ फेब्रु.
फुटेज पाहिलं. दुसरा टेक पहिल्याहून भारी. लाज वाटतेय, पण आहे भारी.

२ मार्च
भक्तीच्या चॅनलवाल्यांना मुंबईला तो सीन पाठवला. तासाभरात फोन. "सर, बस यही चाहिए." माझी तिसरी फिल्म. आधीच्या दोन फिल्म मंदिरांच्या हॉलमध्ये पडदा बांधून दाखवल्या, प्रेक्षक म्हणजे प्रसादाला थांबलेले लोक. ही टीव्हीवर जाईल. पोस्टरची ओळ फोनवरच देऊन टाकली: 'भक्तीचे अश्रू'. असल्या ओळी मला झोपेतही सुचतात.
आनंद व्हायला हवा होता. नुसता थकवा.

१४ मार्च
मंदिराच्या जोशींचा फोन. काकूंनी रामनवमीचं कीर्तन नाकारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुमच्या शूटिंगनंतर एकदाही उभ्या राहिल्या नाहीत. कारण विचारलं तर बोलत नाहीत."
मला कारण माहीत आहे. त्या गादीवर खोटं चालत नाही, आणि मी त्यांना तिथे खोटं रडायला लावलं.
सीमाला सांगितलं. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत म्हणाली, "अहो, मग काढून टाका ना तो सीन."
"मग फिल्ममध्ये उरतं काय?"
"ते तुम्ही बघा. फिल्मवाले तुम्ही." बायको आहे की सेन्सॉर बोर्ड!

१७ मार्च
काढला. त्या जागी पहिला, धूसर टेक. चॅनलवाला भडकला. "सर, धुंधला कौन देखेगा? वो सीन नहीं तो रहने दो." वीस तारखेपर्यंत विचार करा म्हणाला. काय विचार करायचा! मी नाहीच म्हणणार.
देवाचं काम करायचं म्हणून नोकरी सोडली. आता दुसऱ्यांच्या आरत्या शूट करतो. स्वतः शेवटची कधी म्हटली, आठवत नाही. फार दमलोय.

१९ मार्च, पाडवा
काकूंकडे गेलो. पाया पडलो, माफी मागितली, सीन काढल्याचं सांगितलं.
"काढलास? का रे?"
"खोटं रडायला लावलं तुम्हाला."
"खोटं?" काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी शाळेतला पोरगा झालो. "तू परत कर म्हणालास, तेव्हा रामाकडे बघून काही येईना. मग पेटीकडे बघितलं. तिथे हे नव्हते."
काका तीन वर्षांपूर्वी गेले. काकूंच्या कीर्तनात पेटीवर जन्मभर तेच.
"हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. तेरावं झालं नि लगेच कीर्तनाला उभी राहिले. सगळे म्हणाले, वा, काय श्रद्धा! त्या दिवशी पहिल्यांदा रडले यांच्यासाठी. आता झांज हातात घेतली की राम येतच नाही रे, हेच येतात. नारदाच्या गादीवर उभं राहून नवऱ्यासाठी कशी रडू?"
श्रीखंडाची वाटी हातात तशीच राहिली. मला पण रडू आलं, लपवलं नाही.
निघताना म्हणाल्या, "राहू दे तो सीन. खरा आहे. फक्त त्याला भक्ती म्हणू नकोस."
संध्याकाळी चॅनलवाल्याला फोन केला. सीन ठेवतो, पण पोस्टरवरून भक्ती काढा.
"सर, भक्ति नहीं है तो फिर ये है क्या?"
उद्या सांगतो म्हटलं.